विटाळाचा भुर्दंड

औषधांच्या किंवा किराणा मालाच्या दुकानात एक वस्तू अशी असते की, ती मागताना गिऱ्हाईक आवाज खाली आणते आणि ती देताना दुकानदार न सांगता तिला रद्दी वर्तमानपत्रात गुंडाळतो. उंदीर मारण्याचे औषध उघडे मिळते, दारूची बाटलीही हल्ली कुणी फारशी लपवून नेत नाही. परंतु स्त्रीला मासिक पाळीत लागणाऱ्या घड्यांचे पुडके मात्र चोरीच्या मालासारखे घरी न्यावे लागते. ज्या कागदावर आम्ही दररोज सरकारला आणि समाजाला उपदेश करतो, त्याच कागदाच्या आड हा व्यवहार वर्षानुवर्षे चालत आला आहे. तेव्हा त्या कागदाच्या आतल्या बाजूस आज या विषयावर चार शब्द छापून आले, तर वाचकांनी भुवया उंचावण्याचे कारण नाही. जी गोष्ट लपवून ठेवली जाते तिचा हिशेब कुणी मागत नाही, आणि ज्या गोष्टीचा हिशेब मागितला जात नाही तिचा भार नेहमी दुबळ्याच्या खांद्यावर पडतो. मासिक पाळीच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे.

प्रथम साधा हिशेबच मांडू. पाळी चार-पाच दिवसांची धरली आणि दिवसाकाठी चार वेळा घडी बदलायची म्हटली, तर एका स्त्रीला महिन्याला सुमारे २० घड्या लागतात. नामांकित कंपन्यांच्या एका सॅनिटरी नॅपकिनला बाजारात साधारण ५ ते १० रुपये पडतात. घरात आई आणि वयात आलेल्या दोन मुली असतील तर महिन्याला ६० घड्या, म्हणजे कमीत कमी ३०० रुपये आणि वर्षाला ३,६०० रुपये झाले. हा खर्च एखाद्या वर्षाचा नव्हे. बाराव्या-तेराव्या वर्षी सुरू झालेली पाळी पन्नाशीच्या आसपास थांबते, तोवर आयुष्यात चारशेच्या घरात वेळा हा प्रसंग येतो. सुखवस्तू घराला ही रक्कम जाणवतही नाही. परंतु ज्या घरात गॅसची टाकी, मुलांच्या वह्या आणि म्हाताऱ्याचे औषध यांची एकमेकांशी मारामारी चाललेली असते, तेथे कात्री प्रथम कोठे लागते? घरच्या कर्त्या पुरुषाला बहुधा याचे उत्तर ठाऊक नसते. कारण ही कात्री त्याला न विचारता घरातल्या बाईने स्वतःच्याच गरजेला लावलेली असते.

गोव्यात असा प्रश्नच उरलेला नाही, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या हाती आकडेही असतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाळीच्या दिवसांत आरोग्यास योग्य साधन वापरणाऱ्या तरुण स्त्रियांचे देशातील प्रमाण ७७.३ टक्के निघाले. त्याआधीच्या पाहणीत ते ५७.६ टक्के होते. गोव्याचे प्रमाण तर नव्वदीच्याही पुढे गेले. ही प्रगती खोटी नाही आणि तिचे आम्ही स्वागतच करतो. परंतु हा प्रश्न त्या पाहणीत १५ ते २४ या वयाच्याच स्त्रियांना विचारला जातो, ही गोष्ट विसरून चालणार नाही. बारा वर्षांची मुलगी त्या आकड्यात नाही आणि तिची चाळिशीतली आईही नाही. घरात एकच पुडके आले तर ते कॉलेजात जाणाऱ्या मुलीला द्यावयाचे आणि आपण जुनेरावर भागवावयाचे, हा आईचा धर्म आपल्याकडे कुणी शिकवावा लागत नाही. पाहणी करणारा मुलीच्या नावापुढे खूण करतो आणि निघून जातो. आई मोजली जात नाही.

शिवाय सरासरी हे मोठे फसवे प्रकरण असते. आमच्या पेडणे तालुक्याकडेच पाहा. किनाऱ्यावर मोरजी, मांद्रे, हरमल येथे परदेशी पाहुण्यांसाठी काय हवे ते मिळते. मोपाच्या पठारावर ११ डिसेंबर २०२२ रोजी आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याच तालुक्यात इब्रामपूर, हणखणे, चांदेल, कासारवर्णे, तोरसे ही गावे आहेत. पठारावरून हललेली धनगर कुटुंबे आहेत. काजूच्या हंगामात बोंडू वेचणाऱ्या आणि एरवी मिळेल ते काम करणाऱ्या स्त्रिया आहेत. बांधकामावर परप्रांतांतून आलेल्या मजुरांची कुटुंबे पत्र्याच्या खोल्यांत राहत आहेत. शेजारच्या डिचोलीत २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा घरात येणारा रोख पैसा एकाएकी आटला. ट्रकाचे हप्ते थकले याची चर्चा विधानसभेपर्यंत पोहोचली. घरातल्या बायकांनी त्या दिवसांत काय सोडून दिले, याची चर्चा कोठेच झाली नाही.

जुन्या बायका कापड वापरीत आणि त्यांचे काही बिघडले नाही, असा एक युक्तिवाद केला जातो. त्यात थोडे तथ्य आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. मऊ सुती कापड साबणाने स्वच्छ धुतले, कडक उन्हात वाळवले आणि वेळेवर बदलले, तर ते वापरण्यात वैद्यकीय दृष्ट्या काही वावगे नाही. परंतु या तीन अटी गरिबाच्या घरी पाळल्या जातात काय? धुण्यास मुबलक पाणी आणि आडोसा हवा. वाळवण्यास ऊन हवे. पण हे कापड अंगणातल्या दोरीवर कुणाच्या दृष्टीस पडता कामा नये, अशी रीत आहे. मग ते दुसऱ्या कपड्याखाली, न्हाणीच्या कोपऱ्यात, खाटेच्या मागे वाळते. वाळते म्हणण्यापेक्षा कुबट होते. आणि आपला पावसाळा! जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोकणपट्टीत शाळेचा गणवेशही दोन-दोन दिवस सुकत नाही, तेथे लपवून ठेवलेल्या फडक्याची काय कथा? ओलसर कापड अंगावर वागवल्याने कातडी सोलवटते, खाज सुटते, जंतुसंसर्ग होतो. ही दुखणी बाई वर्षानुवर्षे अंगावर काढते. कारण डॉक्टरांपुढे ती बोलायची म्हणजे पुन्हा तीच लाज आडवी येते. म्हणजे दोष कापडाचा नसून पाण्याचा, आडोशाचा आणि लाजेचा आहे. आणि पाणी व आडोसा यांचे दारिद्र्य हेही दारिद्र्यच असते.

शाळेच्या दृष्टीने तर ही बाब अधिकच गंभीर आहे. मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर आणि त्यांच्या कन्या, गोव्याच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकर या दोघांचाही जन्म पेडण्याचा. भाऊसाहेबांनी खेडोपाडी शाळा काढल्या आणि ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या अक्षर पाहिले नव्हते त्या घरांतील मुलींच्या हाती पाटी दिली, हे गोमंतकीय बहुजन समाज कधी विसरणार नाही. शाळा दाराशी आणून ठेवण्याचे काम त्या पिढीने केले. परंतु दाराशी आलेल्या शाळेत मुलीला महिन्याचे सर्व दिवस बसता यावे, एवढी व्यवस्था करणे हे पुढच्या पिढीचे काम होते. ज्या मुलीजवळ पुरेशा घड्या नाहीत किंवा जिच्या शाळेतील स्वच्छतागृहाला कडी नाही आणि नळाला पाणी नाही, ती मुलगी महिन्यातून दोन-तीन दिवस घरी राहते. गैरहजेरीच्या पटावर त्या दिवसांपुढे ‘आजारी’ असे लिहिले जाते. गणितातील एखादे प्रकरण, विज्ञानातील एखादा प्रयोग तिच्या हातून निसटतो. वर्षाकाठी असे वीस-पंचवीस दिवस जमा होतात, आणि मग दहावीच्या निकालानंतर मुली अमुक विषयात कच्च्या असतात, असे पांडित्य सांगावयास आपण मोकळे होतो.

कष्टकरी स्त्रीची गोष्ट याहून कठोर आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पहाटेपासून भाजी घेऊन बसणारी बाई, किनाऱ्यावर उन्हात माल विकणारी बाई, हॉटेलांच्या खोल्या झाडणारी बाई यांना दिवसभरात घडी बदलण्यास जागा कोठे आहे? रजा घ्यावी तर त्या दिवसाची मजुरी बुडते. ही विवंचना माणसाला कोणत्या थराला नेते, हे पाहावयाचे तर शेजारच्या महाराष्ट्राकडे पाहावे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला, तेव्हा सरकारने नेमलेल्या समितीस ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढून टाकलेले आढळले. त्यामागे अनेक कारणे होती. लहान वयातील लग्ने होती, खाजगी दवाखान्यांचा लोभ होता. परंतु पाळीमुळे खाडा पडू नये आणि खाड्याचा दंड भरावा लागू नये, ही धास्तीही त्यामागे होती. शरीराचा अवयव काढून टाकणे हे महिन्याच्या चार दिवसांच्या सोयीपेक्षा सोपे वाटावे, यापेक्षा समाजाच्या अधोगतीची दुसरी कोणती खूण हवी?

आता लाजेविषयी. कावळा शिवला, बाहेरची झाली, लांब बसली, असे शब्द आपल्या भाषेत आजही जिवंत आहेत. ज्या भूमीत सातेरीच्या रूपाने मातीचे वारूळ पूजिले जाते, मातीच्या सुफलतेपुढे मस्तक नमविले जाते, त्याच भूमीत स्त्रीच्या शरीरातील सुफलतेची खूण अमंगळ मानली जावी, हा विरोध आपण कधी तपासून पाहिला नाही. आसामात कामाख्येच्या मंदिरात देवी रजस्वला झाली म्हणून आषाढात अंबुबाचीचा उत्सव होतो. आणि आपल्या मराठी परंपरेत चोखोबांची पत्नी संत सोयराबाई यांनी सहा-सातशे वर्षांपूर्वीच अभंगातून विचारले आहे की, देहाचा जन्मच ज्या विटाळातून होतो तो विटाळ टाळून निर्मळ राहिलेला देह कोणाचा? अलीकडच्या काळात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून शरीराविषयी मराठीत स्पष्ट बोलण्याची वाट मोकळी केली. त्याबद्दल त्यांनी खटले सोसले आणि दारिद्र्य पत्करले. हा वारसा ज्या भाषेचा आहे तिने या विषयाला वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवावे, हे तिला शोभणारे नाही. ज्याला श्रद्धेने जे पाळावयाचे आहे ते त्याने आपल्या देवघरात पाळावे. परंतु विटाळाच्या कल्पनेने कुणा मुलीचे शरीर आजारी पडता कामा नये, एवढा आग्रह धरण्याचा अधिकार समाजाला आहे.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्र सरकारने २०११ साली १७ राज्यांतील १०७ जिल्ह्यांत एक योजना सुरू केली. आशा कार्यकर्त्यांनी सहा घड्यांचे पुडके सहा रुपयांत ग्रामीण मुलींच्या घरी पोहोचवावे, अशी ती योजना होती. परंतु आशांचे जाळे देशभर विणले गेले तेव्हा गोवा त्याच्या बाहेर राहिला, त्यामुळे इतर राज्यांत जी बाई दारात येऊन हे पुडके देत असे ती आपल्याकडे नव्हतीच. पुढे १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा कुंकू, टिकली आणि बांगड्या करमुक्त ठरल्या, पण सॅनिटरी नॅपकिनवर १२ टक्के कर बसला. सौभाग्याची लेणी आवश्यक आणि स्त्रीचे आरोग्य मात्र चैनीचे, असा त्याचा सरळ अर्थ होत होता. देशभर स्त्रियांनी गदारोळ केल्यानंतर २१ जुलै २०१८ रोजी परिषदेने तो कर रद्द केला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हाही आवश्यक वस्तूंत सॅनिटरी पॅड मोडतात की नाही याविषयी गोंधळ माजला आणि २९ मार्चला गृहखात्याला तसा खुलासा करावा लागला. धोरणे ठरविणारे हात ही वस्तू द्वेषाने वगळीत नाहीत. त्यांना तिची आठवणच होत नाही. विस्मृतीचा हा रोग द्वेषापेक्षाही चिवट असतो.

यातील सर्वांत उपयुक्त पाऊल म्हणजे जन औषधी केंद्रांतून मिळणारे ‘सुविधा’ पॅड. जून २०१८ मध्ये अडीच रुपयांना एक या दराने त्याची विक्री सुरू झाली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये तो दर एका रुपयावर आणण्यात आला. वर मांडलेल्या हिशेबातील आई आणि दोन मुली यांचा खर्च त्यामुळे महिन्याला ३०० रुपयांवरून ६० रुपयांवर येतो. हे थोडेथोडके नव्हे. परंतु स्वस्त असणे आणि मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जन औषधी केंद्र साधारणपणे शहरात किंवा बाजारपेठेत असते. आतल्या गावातील बाईला तेथे जायचे तर बसचे जाण्या-येण्याचे भाडे पडते आणि अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. एवढे करून गेल्यावर माल शिल्लक नाही असे ऐकावे लागले, तर ती पुन्हा जात नाही. रुपयाची वस्तू रुपयाला विकत घेण्यासाठी तिला शंभराची पदरमोड करावी लागत असेल, तर त्या रुपयाची जाहिरात पोकळ ठरते.

या प्रश्नाचे उत्तर आपल्या अंगणातच काही अंशी सापडले आहे, हे आम्ही अभिमानाने नमूद करतो. कोइमतूरचे अरुणाचलम मुरुगनंथम यांनी स्वतःच्या पत्नीची अडचण पाहून स्वस्त घड्या बनविणारे छोटे यंत्र तयार केले, त्यासाठी उपहास आणि बहिष्कार सोसला, आणि २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे यंत्र डिचोली तालुक्यातील मुळगावी आणून जयश्री परवार आणि त्यांच्या ‘सहेली’ स्वयंसाहाय्य गटातील स्त्रियांनी पाइन लाकडाच्या लगद्यापासून मातीत मिसळून जाणाऱ्या घड्या बनविण्यास आरंभ केला. खाणींच्या धुरळ्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या तालुक्यात घरच्या चार बायकांनी एकत्र येऊन असा उद्योग उभारावा, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु कौतुकाच्या बातमीवर उद्योग चालत नाही. त्याला वर्षभराची निश्चित मागणी लागते आणि मालाचे पैसे वेळेवर लागतात. येथे करमाफीची एक गुंतागुंतही लक्षात घेतली पाहिजे. तयार मालावर कर नसला तरी कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तो बोजा किमतीतच राहतो, आणि मोठ्या कंपनीला तो पेलवतो तितका खेड्यातील गटाला पेलवत नाही. म्हणून सरकारी खरेदीत अशा गटांना हक्काचा वाटा दिला पाहिजे. मुळगावच्या बायकांनी बनविलेली घडी हणखण्याच्या शाळेत पोहोचली, तर एकाच रुपयात दोन घरे सावरतील.

इतरत्र काय झाले आहे? महाराष्ट्राने ८ मार्च २०१८ रोजी ‘अस्मिता’ योजना सुरू केली आणि जिल्हा परिषद शाळांतील मुलींना आठ घड्यांचे पुडके पाच रुपयांत देण्याचे ठरविले. वितरणाचे काम बचत गटांकडे सोपविले. केरळात आलप्पुळा नगरपालिकेने २०१९ साली पाच हजार स्त्रियांना मासिक पाळीचे कप मोफत वाटले, आणि २०२२ साली एर्नाकुळम जिल्ह्यातील कुंबळंगी या गावाने घड्यांऐवजी कपाचा पुरस्कार केला. आफ्रिकेतील केनियाने २००४ सालीच या वस्तूवरील कर काढला. स्कॉटलंडच्या संसदेने २४ नोव्हेंबर २०२० रोजी एकमताने कायदा केला, आणि ऑगस्ट २०२२ पासून तेथे ज्या कुणाला गरज असेल तिला ही साधने मोफत मिळण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आली. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १० एप्रिल २०२३ रोजी शाळकरी मुलींसाठी देशभर एकसारखे धोरण आखण्यास केंद्राला सांगितले. म्हणजे ही कुणा मूठभर सुधारकांची लहर राहिलेली नाही. नगरपालिकेपासून संसदेपर्यंत सर्व पातळ्यांवर हे करता येते, याचे दाखले जगापुढे आहेत.

तथापि, मोफत म्हटले की दोन आक्षेप हटकून येतात. पहिला असा की, फुकटाची किंमत राहत नाही आणि दुरुपयोग होतो. आम्ही विचारतो, या वस्तूचा दुरुपयोग करणार तो कसा? ती कुणी गरजेहून अधिक वापरीत नाही आणि हौसेने साठवीतही नाही. एखाद्या मुलीने दोन जादा घड्या घेतल्या तर त्या बहुधा घरी आईसाठी असतील. त्याला दुरुपयोग म्हणणारा माणूस कोत्या मनाचा म्हणावा लागेल. दुसरा आक्षेप कचऱ्याचा आहे आणि तो खरा आहे. बाजारातील बहुतेक घड्यांत प्लास्टिक असते. ते कुजत नाही. न्हाणीतून फेकलेल्या घड्या गटारे तुंबवितात, ओहोळांत आणि शेतांत दिसतात, गुरांच्या तोंडी जातात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी उत्पादकांनी विल्हेवाटीसाठी पुडक्याबरोबर पिशवी किंवा वेष्टन द्यावे, असे सांगितले होते. ग्राहकाच्या अनुभवाला ते किती वेळा आले, हे ग्राहकालाच विचारावे. परंतु या कचऱ्याचे उत्तर गरीब बाईला घडीच न देणे हे असू शकत नाही. सुखवस्तू घरांतून निघणारा तोच कचरा आपण निमूटपणे उचलतो. पंचायतीने हा कचरा वेगळा गोळा करावा, कुजणाऱ्या घड्यांना प्राधान्य द्यावे, आणि जिला पाहिजे तिला कपाचा किंवा धुऊन वापरता येणाऱ्या शिवलेल्या घड्यांचा पर्याय द्यावा. सिलिकॉनचा एक कप नीट उकळून वापरला तर कित्येक वर्षे टिकतो. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’च्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या विस्तृत आढाव्यात तो सुरक्षित आढळला आहे. अर्थात, त्याला स्वच्छ पाणी, उकळण्यास भांडे आणि समजावून सांगणारी परिचारिका लागते. म्हणून एकच साधन सर्वांच्या गळ्यात मारू नये. निवड स्त्रीची असावी.

आमच्या मते पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांनी आरंभ करावा आणि तो असा. प्रत्येक शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाजवळच घड्यांचे कपाट असावे. त्याची किल्ली कुणाच्या खिशात नसावी आणि घडी घेताना वहीत नाव लिहावयास लावू नये. त्याच जागी पाणी, साबण, झाकणाची बादली आणि दाराला कडी असावी, आणि या चार गोष्टींची तपासणी पालक-शिक्षक संघातील मातांनी दर महिन्याला करावी. गावात अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र आणि रास्त भावाचे धान्य दुकान या तीन ठिकाणी रुपयाचे पॅड नेहमी मिळावे. जी बाई तांदूळ घ्यावयास येते तिला दुसरी फेरी पडता कामा नये. ज्यांना रुपयाही जड आहे त्यांना ते मोफत मिळावे आणि त्यासाठी दाखले मागू नयेत. आपल्या राज्यात अनेक योजनांना पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. बांधकामावर विटा वाहणाऱ्या परप्रांतीय बाईची पाळी असा दाखला मिळेपर्यंत थांबत नाही. जिने आपल्या विमानतळाची माती डोक्यावरून वाहिली तिला आपण चार घड्या देण्यास नकार देणार असू, तर आपल्या आतिथ्याच्या गोष्टी आपण बोलू नयेत.

पैशाचे काय, असे कुणी विचारील. एका तालुक्यात अशी मदत लागणाऱ्या पाच हजार स्त्रिया धरा. दर महिन्याला वीस घड्यांप्रमाणे वर्षाला १२ लाख घड्या होतात. रुपयाच्या दराने १२ लाख रुपये. वाहतूक, गळती आणि स्थानिक गटाला द्यावयाचा रास्त भाव धरून ही रक्कम तिप्पट केली तरी ३६ लाख. २०११ च्या जनगणनेत पाऊण लाखाच्या आसपास लोकसंख्या असलेल्या तालुक्यासाठी वर्षाला हा खर्च झेपत नाही, असे सांगणारा मंत्री आम्हांस पाहावयाचा आहे. लाडली लक्ष्मी योजनेत मुलगी सज्ञान झाल्यावर तिच्या नावे एक लाख रुपये देण्याचे औदार्य याच राज्याने २०१२ पासून दाखविले आहे. ते औदार्य योग्यच. परंतु त्या मुलीने अठराव्या वर्षापर्यंत शाळेत निरोगी राहावे म्हणून दरमहा वीस रुपये खर्च करणे त्याहून योग्य.

हे काम केवळ मंत्रालयातून होणार नाही. पंचायतींत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. आमच्या महिला पंच आणि सरपंच भगिनींनी पुढच्या ग्रामसभेत हा विषय आवाज खाली न आणता मांडावा. अंदाजपत्रकात त्यासाठी स्वतंत्र रक्कम दाखवावी आणि ती कोठे खर्च झाली हे वर्षअखेरीस वाचून दाखवावे. पुरुषांनी त्या वेळी उठून बाहेर जाऊ नये. बापाने आणि भावाने दुकानात जाऊन हे पुडके उघड्या पिशवीतून घरी आणण्यास आरंभ केला, तर निम्मे काम एका पावसाळ्यात होईल.

पत्रादेवीच्या सीमेवर १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींनी छातीवर गोळ्या झेलल्या. त्या सत्याग्रहात मध्य प्रदेशातील सागरहून आलेल्या सहोदराबाई राय तिरंगा घेऊन पुढे झाल्या आणि गोळ्यांनी जखमी झाल्या. ज्या भूमीसाठी त्या आल्या ती त्यांची जन्मभूमीही नव्हती; त्यांना कुणी वास्तव्याचा दाखला विचारला नाही. त्या स्वातंत्र्याचा अर्थ केवळ झेंडा बदलणे एवढाच नव्हता. माणसाला आपल्या देहाची लाज वाटू नये आणि देहाच्या साध्या गरजेसाठी कुणापुढे हात पसरावा लागू नये, हाही त्या स्वातंत्र्याचा अर्थ होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. परंतु ज्या घरात आजही एखादी मुलगी पावसाळ्यात ओले फडके अंगाला लावून शाळा चुकवीत असेल, त्या घरापर्यंत ती मुक्ती पोहोचावयाची राहिली आहे. ती पोहोचविण्यास फार मोठा त्याग लागत नाही. दरमहा वीस घड्या, बादलीभर पाणी आणि दाराला एक कडी लागते. एवढे देण्याचे या तालुक्याने मनावर घ्यावे.